अकरा गुंठ्यांतलं गोकुळ

पुण्या-मुंबईच्या माणसाचं गृहकर्ज फिटलं, मुलगी मेलबर्नला स्थिरावली आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं, की त्याला शेळी पाळावीशी वाटू लागते. शेळीच का, हे विचारू नये. हौसेला मोल नसतं, असं आपल्याकडे म्हणतात. म्हणणाऱ्यानं सरकी पेंडीचं पोतं स्वतःच्या खिशातून घेतलेलं नसावं.

शेळीच्या आधी अर्थात जमीन. मुळशी, मावळ, भोर, कर्जत, जिथे जमेल तिथे अकरा गुंठे. अकरा गुंठे म्हणजे बारा हजार चौरस फुटांना एकवीस फूट कमी. त्यात बंगला बसतो, पोहायचा हौद बसतो, दोन गाड्या वळतील एवढी फरसबंदी होते, हिरवळ अंथरली जाते. मग कुंपणाच्या कोपऱ्यात जे काही उरतं, त्याला ‘फार्म’ म्हणतात. १९४८ च्या कूळकायद्यामुळे बिगरशेतकऱ्याला शेतजमीन सहजी घेता येत नाही. त्यामुळे ज्याच्या आजोबांनी गाव सोडलं पण सातबाऱ्यावरचं नाव सोडलं नाही तो भाग्यवान. बाकीच्यांनी एनए प्लॉट बघायचा. म्हणजे शेती परवडत नाही म्हणून एकानं जमीन बिगरशेती करून विकायची, आणि दुसऱ्यानं ती सोन्याच्या भावानं घेऊन तिच्यावर हौसेनं शेती करायची. मधल्या एजंटाचा बंगला या दोघांपेक्षा मोठा असतो, हे सांगायला नकोच.

गेट लागतं. गेटवर ‘गोकुळ’ किंवा ‘वृंदावन’ अशी पाटी लागते. आणि जनावरांची आवक सुरू होते.

पहिला मान कोंबड्यांचा, कारण ‘घरची गावरान अंडी’. आता हिशेब करू. गावरान कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते, फार झालं तर ऐंशी. जाळीत कोंडून, विकतचं खाद्य घालून पाळली तर दिवसाला शंभर ते सव्वाशे ग्रॅम खाते. वर्षाचं झालं बेचाळीस किलोच्या आसपास. खाद्य पस्तीस रुपये किलो धरा, अंडी सत्तर धरा. एका अंड्याला नुसत्या खाद्याचे एकवीस रुपये पडले. जाळी, खुराडं, लस, राखणदाराचा पगार आणि दर शनिवारचं पेट्रोल यात धरलेलं नाही. ते धरलं तर अंडं सराफाकडे गहाण ठेवता येईल. आणि हे अंडं फ्लॅटवर नेऊन शेजाऱ्यांना वाटताना वर म्हणायचं, ‘बाजारात काय वाट्टेल तो भाव लावतात हो!’

शेजारच्या वाडीतल्या म्हातारीला हेच अंडं परवडतं, कारण तिची कोंबडी दिवसभर उकिरडा उकरते, वाळवी टिपते, खळ्यातले सांडलेले दाणे वेचते आणि संध्याकाळी न बोलावता डालग्याखाली येते. खाद्याचा खर्च शून्य. फार्महाउसवाल्याला उकिरडा चालत नाही. वास येतो. म्हणून तो उकिरड्याऐवजी पोतं आणतो.

कोंबड्यांनी दार उघडून दिलं, की मागून वरात येते. पोहायच्या हौदात बदकं सोडली जातात आणि पंधरवड्यात हौद बदकांचा होतो. राजहंस म्हणून जोडीनं घेतलेला पक्षी नीरक्षीरविवेक वगैरे काही करत नाही, पाहुण्यांच्या पोटरीचा चावा घेतो. गिनी कोंबड्या साप दिसला की ओरडतात म्हणून आणायच्या. त्या सापाला, पोस्टमनला, पानाला आणि एकमेकींनाही ओरडतात. सशाची मादी एकतीस दिवसांत विते, त्यामुळे गणपतीत मुलांसाठी आणलेली जोडी शिमग्याला मोजायची सोय राहत नाही. नातवाला घोडा हवा असतो, त्याची समजूत गाढवावर काढतात. आणि एक गोल्डन रिट्रीव्हर असतोच. त्याचा मूळ देश स्कॉटलंड, सध्या मुक्काम कर्जत, मे महिना.

यापेक्षा चतुर मंडळी ‘हौसही होईल आणि धंदाही’ म्हणतात. त्यांच्यासाठी आपल्या देशात दर दहा वर्षांनी एक पक्षी अवतार घेतो. आधी इमू आला. तेलाला मागणी, मांसाला मागणी, कातड्याला मागणी, असं सांगून लोकांना पक्षी विकले गेले. २०१२ मध्ये तमिळनाडूत पेरुंदुराईच्या इमू योजनांचा फुगा फुटला आणि मग कळलं, की मागणी होती ती फक्त पुढच्या गुंतवणूकदाराला. सहा फुटी पक्षी आवारात, खाद्य बंद, विकत घेणारा गायब. मग कडकनाथ आला. कोंबडी अस्सल, मूळची झाबुआची, २०१८ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. बिचारीचा काहीच दोष नाही. पण २०१९ मध्ये आपल्या सांगली-कोल्हापूरकडे तिच्या नावानं गुंतवणूकदारांची जी फसवणूक झाली, त्यात काळी फक्त कोंबडीच नव्हती.

असो. धंदेवाल्यांना सोडून पुन्हा हौशी मंडळींकडे. त्यांचा एक लाडका शब्दप्रयोग आहे: ‘आमच्याकडे सगळे एका कुटुंबासारखे राहतात.’ मोबाइलवर फोटो दाखवतात. शेळीच्या पाठीवर कोंबडी, कोंबडीच्या शेजारी टर्की, टर्कीच्या मागे बदक, पायाशी कुत्रा, मध्ये मॅडम. एकत्र कुटुंबात वाढलेल्या कोणालाही हा फोटो बघून पहिला प्रश्न पडेल: यांचं जेवणावरून भांडण कधी होतं?

होतं. टर्की आणि कोंबडी हेच घ्या. कोंबडीच्या आतड्यात एक बारीक जंत असतो, त्या जंताच्या अंड्यांतून एक परजीवी पसरतो. कोंबडीचं त्यानं फारसं बिघडत नाही, टर्कीचं यकृत मात्र पोखरलं जातं. ‘ब्लॅकहेड’ म्हणतात. कोंबड्या जिथे उकरतात तिथे टर्की सोडू नये, हे पोल्ट्रीच्या पुस्तकात ठळक छापलेलं असतं. पण कुटुंब म्हटल्यावर वेगळी चूल कशी मांडायची? मेंढी आणि शेळी दिसायला चुलत बहिणी, पण शेळीला मानवणारं तांबं मेंढीच्या यकृतात साठतं आणि एक दिवस तिला घेऊन जातं. दोघींना एकाच डब्यातलं खनिज मिश्रण घालणारा माणूस प्रेमळ असतो, यात शंका नाही. बदकं पाणी सांडतात, त्या ओल्या भुशावर कोंबड्या आजारी पडतात. म्हणजे घरात एकजण सतत अंघोळ करणारा आणि बाकीच्यांना सर्दी.

शेळी तर या सगळ्यांची आत्याबाई. कुठेही शिरते. आमच्या परिचयातल्या एका सद्गृहस्थांनी फार्मवर आठ कॅमेरे बसवले आहेत. कोथरूडमध्ये जेवणाच्या टेबलावर बसून ते मुळशीतला गोठा बघतात आणि फोनवरून राखणदाराला सूचना देतात. उंटावरून शेळ्या हाकणे या वाक्प्रचाराला इतका चोख वापर कधी मिळाला नव्हता. तर एके रात्री त्यांना कॅमेऱ्यात शेळी आडवी दिसली. झोपली असेल म्हणून ते वरणभात संपवत होते. पलीकडे राखणदार मावशींनी कॅमेरा नसतानाही ओळखलं होतं, कारण त्यांना शेळीच्या दात खाण्याचा आवाज आला होता.

कोंबड्यांच्या खाद्याच्या पोत्याचं तोंड उघडं राहिलं होतं. शेळीनं दीड-दोन किलो तरी भरडा हाणला असावा. पाला खाणाऱ्या पोटात एवढा दाणा एकदम गेला की तो आंबतो, पोटातलं आम्ल वाढतं, आणि सकाळपर्यंत जनावर राहीलच याची खात्री नसते. मावशींनी तिला उठवली. डावी भकाळ नगाऱ्यासारखी ताणलेली. पुढचे पाय ओट्यावर, मागचे खाली, अशी उभी करून त्या मुठीनं भकाळ चोळत राहिल्या. त्यांच्या जोडीच्या मामांनी खायचा सोडा कोमट पाण्यात कालवून बाटलीनं जबड्याच्या कडेनं थोडा-थोडा पाजला, ठसका लागू न देता. शेळी बसायला बघायची, मावशी बसू देत नव्हत्या. फोन वाजत होता. साहेब विचारत होते, ‘गूगलवर तेल पाजा असं लिहिलंय, पाजू का?’ मावशी म्हणाल्या, ‘साहेब, तुम्ही तिथं कसं पाजाल?’ उजाडता उजाडता शेळीनं ढेकर दिली आणि मग रवंथ सुरू केला. सकाळी १९६२ या पशुवैद्यकीय मदत क्रमांकावर फोन गेला, फिरतं पथक आलं, डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि पोत्याला झाकण लावा एवढंच सांगून गेले. त्या आठवड्यात साहेबांनी नववा कॅमेरा घेतला. झाकणाचं पिंप मावशींनी स्वतःच्या घरून आणलं.

या मावशी-मामांना कुटुंबाच्या फोटोत जागा नसते, कारण फोटो त्यांनीच काढलेला असतो. आयजीच्या जिवावर बायजी उदार, तशी ही सगळी भूतदया मामांच्या कमरेवर उभी आहे. साहेबांचा आठवडा शनिवारी दुपारी सुरू होतो आणि रविवारी चहानंतर संपतो. गाय रोज दोनदा पिळावी लागते, पाडव्यालासुद्धा. दिवाळीत साहेब सहकुटुंब केरळला जातात, मामांची रजा मात्र ‘जनावरांचं कोण बघणार’ म्हणून पुढच्या महिन्यावर जाते. आणि गंमत म्हणजे मावशींना त्यांच्या स्वतःच्या दोन शेळ्या फार्मवर आणायला मनाई आहे. इन्फेक्शन येईल म्हणे.

लसीच्या दिवशी मात्र हे सोवळं सुटतं. कोंबड्यांची मानमोडी, म्हणजे राणीखेत, एकदा शिरली की दोन दिवसांत खुराडं रिकामं करते. त्यावर लासोटाची लस डोळ्यात-नाकात थेंबानं घालतात. पण ती कुपी निघते किमान शंभर पक्ष्यांच्या हिशेबानं, बर्फात आणावी लागते आणि एकदा कालवली की तासा-दोन तासांत संपवावी लागते. साहेबांच्या कोंबड्या चौदा. उरलेल्या लसीचं काय करायचं? मावशींनी निरोप धाडला. संध्याकाळी सगळी वाडी डालगी घेऊन ‘गोकुळ’च्या गेटवर. तासाभरात वाडीतल्या झाडून सगळ्या कोंबड्यांना थेंब पडले. साहेबांच्या चौदा वाचवायच्या तर आजूबाजूच्या ऐंशी वाचाव्याच लागतात, कारण रोग कंपाउंडची पाटी वाचत नाही. अकरा गुंठ्यांनी गावाला दिलेली ही एकमेव सेवा, आणि साहेबांना ती अजून कळलेली नाही. कॅमेरा गोठ्याकडे वळलेला होता.

जात निवडण्यातही हौशी माणसाची एक खास अक्कल असते: जे जवळ आहे ते नको. ताम्हिणीच्या तोंडाला, जिथे पावसाळ्यात माणसाच्या अंगावर शेवाळ चढायचं बाकी असतं, तिथे तो सौराष्ट्राच्या कोरड्या रानातली गीर गाय आणतो. अकोले-इगतपुरीच्या डोंगरात डांगी गाय आहे. मुसळधार पावसासाठीच घडलेली, कातडीतून तेलकट स्राव सुटतो, पाणी अंगावर ठरत नाही, खुरं कठीण. पण डांगीचे कान गीरसारखे लांब नाहीत आणि कपाळही तितकं फुगीर नाही, त्यामुळे ती फोटोत देवघरातल्या मूर्तीसारखी दिसत नाही. २०२४ च्या संक्रांतीला पंतप्रधानांचे पुंगनूर गाईंना चारा घालतानाचे फोटो आले आणि तेव्हापासून आंध्रातल्या चित्तूरकडच्या त्या बुटक्या गाईला महाराष्ट्रात गिऱ्हाईक शोधावं लागलेलं नाही. तीन फुटांच्या आतबाहेर उंची. लिफ्टमध्ये बसते, एवढंच जाहिरातीत लिहायचं राहिलंय. शेळ्यांचंही तेच. उस्मानाबादी, संगमनेरी, कोकण कन्याळ अशा घरच्या जाती सोडून राजस्थानातली सिरोही किंवा आफ्रिकन बोअर. बोअरला नावं ठेवायचं कारण नाही. फलटणच्या निंबकर संस्थेनं ती अभ्यास करून आणली, संकर केले, नोंदी ठेवल्या. पण तिथे वही असते. इथे रील असतं.

आता कोणी म्हणेल, गावातही गाय-शेळी-कोंबडी-कुत्रं एकाच आवारात राहतं, मग शहरातल्या माणसानं केलं की तुम्हाला का टोचतं? टोचत नाही. पण दिवाळी झाल्यावर रस्त्याच्या कडेनं जाणारा धनगरांचा वाडा एकदा नीट बघावा. माण, फलटण, पारनेरकडून मेंढरं घाटाखाली कोकणात उतरतात आणि पावसाच्या तोंडाला परत वर येतात. घोड्याच्या पाठीवर सगळा संसार, संसाराच्या वर पाय बांधलेल्या कोंबड्या, बाजूच्या जाळीत रात्री जन्मलेलं कोकरू, कळपात चार शेळ्या, मागे-पुढे कुत्री. यात एकही प्राणी शोभेचा नाही. शेळ्या कशाला, तर आईला दूध नसलेल्या कोकरांना पाजायला आणि माणसांच्या चहाला. घोडं ओझ्याला. कुत्रं लांडग्याला आणि बिबट्याला. कोंबडी पाहुण्याला. मेंढरं रात्री शेतात बसवली की लेंडी-मुताचं खत, त्याचे पैसे किंवा धान्य.

असाच एक वाडा ‘गोकुळ’च्या कुंपणाशी आला होता. पूर्वी तिथे पड जमीन होती, दर वर्षी उतरायची जागा. आता भिंत. कारभाऱ्यानं गेटवर विचारलं, दोन रात्री मेंढरं बसवू का? खत पडंल. साहेबांनी फोनवरून नकार दिला, हिरवळ खराब होईल. बरोबरच आहे. त्याच हिरवळीसाठी ‘शंभर टक्के सेंद्रिय लेंडीखत’ अशी छापील पिशवी नर्सरीतून आली, पाच किलोची. मेंढरं रस्त्याच्या पलीकडच्या भातखाचरात बसली आणि त्या शेतकऱ्यानं दोन पायल्या तांदूळ मोजला.

खरी परीक्षा मात्र पुढेच असते. ती नराची.

निसर्गाचा एक साधा नियम आहे, जन्मणाऱ्यांतले निम्मे नर. हौशी पशुपालनाच्या कुठल्याही कार्यशाळेत या वाक्याला पुरेसा वेळ दिला जात नाही. शेळी पाच महिन्यांत विते, चांगली ठेवली तर दोन वर्षांत तीन वेतं देते, उस्मानाबादीला जुळी सहज होतात. दोन शेळ्या, तीन वेतं, जुळी: दोन वर्षांत बारा करडं, त्यात सहा बोकड. अंडी उबवली, दहा पिलं निघाली, पाच कोंबडे. आठ-दहा तलंगांमागे एक कोंबडा पुरतो. बाकीचे चार पहाटे चारला एकमेकांना आव्हान देतात आणि पलीकडच्या ‘वृंदावन’मधले निवृत्त ब्रिगेडियर व्हॉट्सॲप ग्रुपवर तक्रार टाकतात. गाय व्यायली, गोऱ्हा झाला. २०१५ च्या दुरुस्तीनंतर महाराष्ट्रात बैल-गोऱ्ह्याच्या कत्तलीला बंदी आहे, ट्रॅक्टरनं नांगरट होते, शर्यतीला खिल्लार लागतो. म्हणजे हा गीर गोऱ्हा पंधरा-वीस वर्षांचा पाहुणा. यावर आता लिंगवर्गीकृत रेतमात्रा निघाल्या आहेत, दहातल्या नऊ कालवडी होतील अशा. मुलगाच व्हावा म्हणून पिढ्यान्‌पिढ्या नवस बोललेला आपला समाज, गोठ्यात मात्र मुलगीच व्हावी म्हणून जादा पैसे मोजतो आहे.

गावानं या नरांची व्यवस्था केव्हाच लावून ठेवली होती. पंचांगातच. आखाडात कोंबडे जातात, श्रावणात हात आखडतो. जत्रेला, कंदुरीला बोकड लागतो. बकरी ईदच्या आधी दोन दाती बोकडाला भाव चढतो, म्हणून मावशी आपला बोकड कोणत्या महिन्यात खस्सी करायचा, कोणत्या महिन्यात त्याला मका लावायचा हे बोटांवर सांगतात. त्यांच्या दोन शेळ्यांपैकी एक अर्धलीची आहे. मूळ शेळी दुसऱ्याची, सांभाळ यांचा, पिलावळ अर्धी-अर्धी. त्यांचंही शेळ्यांवर प्रेम आहे. करडू आजारी पडलं तर रात्रभर मांडीवर घेऊन बसतात. पण त्याला नाव ठेवत नाहीत.

साहेबांनी नावं ठेवली. सीझर, ब्रूनो आणि बाजीराव. खच्ची करायला जीव धजावला नाही, क्रूर वाटलं. पाच महिन्यांत बोकड वयात आला, माजावर आला की तो स्वतःच्याच दाढीवर आणि तोंडावर मुततो, हा त्याचा अत्तराचा प्रकार. वास बंगल्याच्या दिवाणखान्यात. मग तो आईवर चढला, मग बहिणीवर. ‘एका कुटुंबासारखे राहतात’ हे वाक्य साहेबांनी त्यानंतर कमी केलं.

मध्यंतरी त्यांच्याकडे रविवारी जेवायला गेलो होतो. बेत मटणाचा. सीझर, ब्रूनो आणि बाजीराव माझ्या गाडीच्या वायपरचं रबर खात होते आणि आत ताटात रस्सा. मटण पौडहून आणलेलं. साहेबांनी एक तुकडा तोंडात टाकला आणि म्हणाले, जरा निबर आहे, हल्ली चांगला माल मिळत नाही. शेळी जाते जिवानिशी, खाणारा म्हणतो वातड. पण आपल्या शेळीचे लाड करत दुसऱ्याची वातड म्हणणं, ही या म्हणीत निघालेली नवी शाखा आहे. मी शाकाहारी माणसाची बाजू समजू शकतो. मांसाहारी माणसाचीही. ज्यानं करडं जन्माला येऊ दिली, जो मटण खातो, पण आपल्या दारातलं जाऊ देत नाही आणि शेतकऱ्यानं जाऊ दिलं की त्याला निर्दय म्हणतो, त्याची बाजू समजून घ्यायला मला आणखी एकदा वाढून घ्यावं लागलं. मावशी वाढत होत्या. त्यांनी खिडकीतून बोकडांकडे पाहिलं, मग पातेल्याकडे, आणि काही बोलल्या नाहीत. पगार महिन्याला होतो.

चारा महागला, ब्रिगेडियरांचा दुसरा मेसेज आला आणि बाजीरावानं मॅडमच्या बहिणीला हौदात ढकललं, तेव्हा तोडगा निघाला. साहेबांनी सगळ्या ग्रुपवर मजकूर टाकला: ‘प्रेमळ घरी देणे आहे. तीन गुणी बोकड, नावानं हाक मारली की येतात. विक्री नाही, दत्तक. फक्त शुद्ध शाकाहारी व्यक्तींनीच संपर्क साधावा.’ सोबत तिघांचे फोटो, ब्रूनोच्या गळ्यात लाल रिबीन.

पहिला फोन चाकणहून आला. बोलणारे गृहस्थ शनिवारच्या जनावरांच्या बाजारातले जुने हेडे. आवाज मऊ, सुरुवातीलाच ‘रामकृष्ण हरी’. साहेबांनी अट पुन्हा ऐकवली.

‘चिंताच नको, साहेब. गळ्यात माळ आहे. बापाची वारी होती, माझीही आहे. उभ्या जन्मात मटणाला शिवलो नाही.’

साहेबांचा जीव भांड्यात पडला. त्यांनी बाजीरावच्या आवडीनिवडी सांगायला सुरुवात केली: केळ्याची साल, मारी बिस्किट, पाठ खाजवलेली आवडते.

‘वा, वा,’ हेडे म्हणाले. ‘लाडाचा दिसतोय. अंगावर पण असंल. एकेक वजनाला किती भरंल हो?’